बाबिलोनचे ऋण

घाटकोपरच्या पूर्व अंगास द्रुतगती महामार्ग ओलांडून गेले म्हणजे वस्ती संपते आणि ठाण्याच्या खाडीचा चिखल सुरू होतो. ओहोटी लागली की तो काळाभोर गाळ उन्हात तकाकू लागतो. खारफुटीच्या मुळांशी खेकड्यांची धावपळ चालते आणि हिवाळ्यात गुलाबी रोहित पक्ष्यांचे थवे येथे उतरतात. त्यांच्यासाठी या खाडीच्या काही भागास २०१८ साली अभयारण्य ठरविण्यात आले. ते पक्षी पाहावयास पुष्कळ लोक जातात. चिखलाकडे मात्र कोणी बुद्ध्या पाहत नाही. तथापि केवळ चिखलाच्या आधारावर एका राष्ट्राने घरे बांधली, देवळे उभारली, मुलांस शाळेत शिकविले, देवघेवीचे व्यवहार केले आणि आकाशाचे गणितही मांडले, हे ध्यानात घेतले म्हणजे आपल्या दाराजवळच्या या गाळाकडे पाहण्याची दृष्टी थोडी पालटते. ते राष्ट्र म्हणजे बाबिलोन होय.

आजच्या इराक देशात, बगदादच्या दक्षिणेस सुमारे ८५ किलोमीटरांवर, युफ्रेटिस नदीच्या काठी बाबिलोनचे अवशेष आहेत. त्या प्रदेशात दगड दुर्मिळ व चांगले लाकूडही दुर्मिळ. नदीचा गाळ आणि बोरू मात्र हवा तितका. म्हणून तेथील लोकांनी गाळाच्या विटा पाडल्या व त्याच गाळाच्या तळहाताएवढ्या वड्या करून, त्या ओल्या असता बोरूच्या टोकाने त्यांवर पाचरीच्या आकाराची अक्षरे उमटविली. कागद कुजतो, भूर्जपत्र झिजते, ताडपत्रास कसर लागते. परंतु सुकलेली मातीची वडी जमिनीखाली चार हजार वर्षे टिकते, आणि घरास आग लागली तर ती भाजून अधिकच पक्की होते. राजांच्या प्रशस्ती सर्वच देशांत उरतात. बाबिलोनच्या बाबतीत विशेष हा की, तेथील सामान्य गृहस्थाचे भाडेपत्र, मुलीच्या लग्नातील वस्तूंची यादी, भावाभावांचे वाटणीपत्र आणि पोराने गिरविलेले पाढे, हे सारे आज वाचावयास मिळते.

या लोकांची ओळख करून घेण्यास घाटकोपरहून बगदादपर्यंत जाण्याचे कारण नाही. मध्य रेल्वेच्या गाडीने छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसला उतरावे व तेथून काळ्या घोड्याकडे चालत जावे. तेथील वस्तुसंग्रहालय, ज्यास जुनी मंडळी अद्याप म्युझियम म्हणतात, १९२२ साली लोकांस खुले झाले. त्याच्या संग्रहात निमरूद येथील राजवाड्याचे काही कोरीव शिलापट आहेत. त्यांची हकीकत ऐकण्यासारखी आहे. १८४५ पासून लेयर्ड नावाच्या इंग्रजाने निमरूदला उत्खनन केले. तेथे सापडलेली शिल्पे तराफ्यांवरून तैग्रिस नदीने बसरा बंदरास, तेथून जहाजाने मुंबईस व मुंबईहून इंग्लंडास जात असत. त्या प्रवासात काही शिलापट मुंबईतच राहिले. बोरीबंदर ते ठाणे ही आपली आगगाडी घाटकोपरवरून प्रथम धावली ती १६ एप्रिल १८५३ रोजी. म्हणजे ती धावण्यापूर्वीच निमरूदची शिल्पे मुंबईच्या बंदरात येऊन गेली होती.

येथे एक खुलासा केला पाहिजे. निमरूद हे असुरियाचे नगर. बाबिलोन त्याच्या दक्षिणेस. दोन्ही राज्ये पुष्कळदा एकमेकांशी लढली, तथापि त्यांची लिपी एक, देवता बहुतांशी एक, व भाषाही एकच असून तिच्या या दोन बोली होत्या. म्हणून असुरियाच्या शिल्पांवरून बाबिलोनच्या शेजाऱ्याचे मुखदर्शन होते असे म्हणावयास हरकत नाही.

म्युझियममधून बाहेर पडून रस्ता ओलांडला की डेव्हिड ससूनच्या नावाचे वाचनालय लागते. हा ससून १७९२ साली बगदादेस जन्मला आणि १८६४ साली आपल्या पुण्यात वारला. जवळच १८८४ साली त्याच्या नातवाने बांधविलेले ‘केनेसेथ एलियाहू’ हे यहुद्यांचे निळे प्रार्थनामंदिर आहे. बाबिलोनचा राजा नेबुखद्नेझर याने इसवी सनापूर्वी सहाव्या शतकात जेरुसलेम उद्ध्वस्त करून तेथील यहुद्यांस बाबिलोनियात नेले. बगदादचे यहुदी आपली परंपरा त्या बंदिवानांपर्यंत नेऊन पोहोचवितात. बंदिवान झालेल्यांनी जेत्याचे मात्र एक देणे कायमचे घेतले. यहुद्यांच्या महिन्यांची निसान, तिश्री, अदार ही नावे बाबिलोनी आहेत. एकोणीस वर्षांत सात अधिक महिने धरण्याचा त्यांचा नियमही बाबिलोनच्या ज्योतिष्यांनी वापरलेलाच आहे, आणि अधिक महिना आला म्हणजे ते आजही दोन अदार पाळतात. ज्या नगराच्या भिंती ढासळून माती झाली, त्याचा कालगणनेचा नियम काळ्या घोड्याजवळ जिवंत आहे!

अधिक महिना म्हटला की आपल्या घरातील पंचांगाची आठवण होणे स्वाभाविक आहे. बाबिलोनचे महिनेही चांद्र होते आणि ऋतूंशी मेळ राहावा म्हणून त्यांसही अधिक मास धरावा लागे. हम्मुराबी राजाचे एक पत्र सापडले आहे. त्यात तो आपल्या अधिकाऱ्यास आज्ञा करतो की, या वर्षी महिना अधिक धरावा, परंतु कराचा भरणा त्यामुळे महिनाभर पुढे ढकलू नये. हे पत्र वाचून कोणत्याही वसुली कारकुनास हसू येईल.

मग आपला अधिक मास बाबिलोनहून आला काय? तसे म्हणता येत नाही. मूळच्या बारा महिन्यांखेरीज उपजणाऱ्या महिन्याचा उल्लेख ऋग्वेदातच वरुणाच्या सूक्तात आहे. चंद्र व सूर्य दोन्ही देशांस तेच असल्यामुळे एकच अडचण दोघांस आली व दोघांनी एकच उपाय काढला, इतकेच. दिवसाच्या साठ घटिका आणि घटिकेची साठ पळे यांविषयी मात्र निकाल देणे कठीण. बाबिलोनचे सारे गणित साठाच्या पायावर उभे होते, आणि वर्तुळाचे अंश व तासाची मिनिटे जगास तेथून मिळाली हे निर्विवाद आहे. परंतु दिवसाचे साठ भाग आपल्या वेदांगज्योतिषातही आहेत, आणि त्यांवर विद्वानांत मतभेद आहे.

राशी आणि वार यांची गोष्ट निराळी. वेदांत नक्षत्रे आहेत, मेषवृषभादि राशी नाहीत. बारा समान राशींचे चक्र इसवी सनापूर्वी पाचव्या शतकाच्या सुमारास बाबिलोनमध्ये सिद्ध झाले, तेथून ते ग्रीकांकडे गेले व ग्रीकांकडून आपल्याकडे आले. त्याच्या खुणाही शिल्लक आहेत. बाबिलोनच्या आकाशात मकर राशीच्या जागी पुढे बकरा व मागे मासा असे चित्र होते. वराहमिहिराच्या बृहज्जातकातील मकराचे तोंड हरणाचे आहे. त्यांच्या कन्येच्या हाती धान्याचे कणीस होते. वराहमिहिराची कन्याही धान्य घेऊन नावेत बसली आहे. संक्रांतीस तिळगूळ वाटताना आपण ज्या मकराचे नाव घेतो, त्याचे पूर्वज युफ्रेटिसकाठी पोहत होते. वारांचा मार्ग जरा वळणाचा आहे. सूर्य, चंद्र आणि पाच ग्रह मिळून सात, हे बाबिलोनी ज्योतिष्यांस ठाऊक होते. प्रत्येक होरेस एक ग्रह वाटून देऊन वारांचा क्रम लावण्याची रीत ग्रीक अमलातील मिसर देशात बसली, व ‘होरा’ हा शब्दच ग्रीक आहे. आपल्याकडे वाराचा उल्लेख असलेला जुना निश्चित लेख म्हणजे एरण येथील बुधगुप्ताचा, इसवी सन ४८४ मधील. त्या दिवशी गुरुवार होता.

हे वाचून काही वडील मंडळींच्या कपाळास आठी पडेल, हे मी जाणतो. आपले पंचांग म्हणजे वेदाचे अंग. त्यात म्लेच्छांची उसनवारी कशी? परंतु या प्रश्नाचे उत्तर खुद्द वराहमिहिरानेच चौदाशेहून अधिक वर्षांपूर्वी देऊन ठेविले आहे. यवन हे म्लेच्छ खरे, पण हे शास्त्र त्यांच्यापाशी उत्तम आहे, म्हणून त्यांचाही ऋषींप्रमाणे मान होतो, अशा अर्थाचे वचन त्याने बृहत्संहितेत आदराने घेतले आहे. आपल्या महाराष्ट्रात शंकर बाळकृष्ण दीक्षित यांनी १८९६ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या भारतीय ज्योतिषशास्त्राच्या इतिहासात वार व राशी यांच्या मूळस्थानाचा प्रश्न पुराव्यानिशी तपासला. १९१७ साली डॉ. भांडारकरांच्या गौरवग्रंथात लोकमान्य टिळकांनी खाल्डिया व भारत यांच्या वेदांवर निबंध लिहिला. अथर्ववेदाच्या पाचव्या कांडात सर्पविष उतरविण्याचे एक सूक्त आहे. त्यातील तैमात, आलिगी, विलिगी, उरुगूला या शब्दांचा अर्थ संस्कृताने नीट लागत नाही. तैमात म्हणजे बाबिलोनच्या सृष्टिकथेतील तिआमत ही सर्परूप आदिशक्ती असावी, असे टिळकांनी सुचविले. त्यांचे सर्व तर्क पुढील विद्वानांनी मान्य केले असे नाही. परंतु वेदांविषयी त्यांच्याइतका अभिमान बाळगणारे पुरुष थोडेच. आणि त्यांनाच वेदात परकीय शब्द आहेत असे म्हणण्यात कमीपणा वाटला नाही, ही गोष्ट विसरण्याजोगी नाही.

आजकाल तरुण मंडळी नावांच्या सारखेपणावरून बाबिलोन हे मूळचे आपलेच असे बेलाशक ठरवून मोकळी होतात. दुसऱ्या बाजूस, आपल्याकडचे जे जे चांगले ते सर्व बाहेरूनच आले असे म्हणणारेही आढळतात. दोघेही हिशेब न करता बाकी सांगतात. घेतले ते घेतले म्हणावे, आपले ते आपले म्हणावे, आणि जेथे नुसते साम्य आहे तेथे साम्य म्हणून थांबावे.

असे साम्य पाहावयाचे तर ते बाबिलोनच्या घरात शिरून पाहावे. मी जन्मभर शाळेत शिकविले, म्हणून प्रथम शाळेकडे वळतो. शाळेस ते ‘वड्यांचे घर’ म्हणत. सुमेरी भाषा लोकांच्या बोलण्यातून गेल्यावरही शेकडो वर्षे तेथील मुले ती घोकीत, कारण शास्त्र व स्तोत्रे तिच्यात होती. आपल्या संस्कृत पाठशाळेहून हे निराळे नाही. तेव्हाच्या एका विद्यार्थ्याची कथा उपलब्ध आहे. उशिरा आला म्हणून, बोलला म्हणून, परवानगीवाचून उठला म्हणून व अक्षर वाईट म्हणून एकाच दिवशी त्यास वारंवार छड्या बसल्या. मग त्याने बापाकडून गुरुजींस घरी जेवावयास बोलाविले, नवे वस्त्र व अंगठी दिली, आणि गुरुजींस शिष्याचे गुण एकाएकी दिसू लागले! या कथेवर आम्हा मास्तरांनी भाष्य न करणे बरे.

मुलगी सासरी जाताना माहेरून जे नेई ते तिचे असे. नवऱ्याने अपराधावाचून टाकल्यास ते तिला परत मिळे व तिच्यामागे तिच्या पुत्रांकडे जाई. आपल्या शास्त्रात स्त्रीधन प्रथम कन्येकडे जाते, एवढा फरक. मूलबाळ नसलेले जोडपे म्हातारपणी सांभाळ व्हावा म्हणून दत्तक घेई आणि अन्न, तेल, वस्त्र किती द्यावे हे करारात लिहून घेई. वाटणी होताना भाऊ चिठ्ठ्या टाकीत. पण हे सर्व गोड चित्र नव्हे. तेथे गुलाम होते. हम्मुराबीच्या कायद्यात बरोबरीच्या माणसाचा डोळा फोडणाऱ्याचा डोळा फोडावा असे आहे, परंतु खालच्या माणसाचा डोळा फोडल्यास चांदी भरून सुटका होते. माणसाच्या दर्जावरून अपराधाची किंमत ठरविणे आपल्या स्मृतींसही अपरिचित नाही, हे प्रांजळपणे म्हटले पाहिजे.

मला सर्वांत स्पर्श करून गेली ती त्यांची पितरांविषयीची रीत. घरातील मृतांस ते पुष्कळदा घराच्या जमिनीखालीच पुरीत. चंद्र दिसेनासा होई त्या दिवशी, म्हणजे आपल्या अमावास्येस, घरचा कर्ता पूर्वजांची नावे उच्चारून अन्न व पाणी अर्पण करी. यास ‘किस्पु’ म्हणत. हम्मुराबीनंतरचा चौथा राजा अम्मिसदूक याच्या घराण्याची अशी नामावळी सापडली आहे. तिच्यात राजपूर्वजांची नावे संपल्यावर, लढाईत पडलेले शिपाई आणि ज्यांची काळजी घेणारा कोणी उरला नाही असे सर्व जीव, यांनाही या व खा, या व प्या, असे बोलाविले आहे. आपल्या तर्पणातही निर्वंश गेलेल्यांसाठी ओंजळभर पाणी असते. हे आपण त्यांच्याकडून घेतले असे मी म्हणत नाही. पण हे वाचताना माणूस क्षणभर थांबतो.

आता ऋणाचा दुसरा अर्थ घेऊ. बाबिलोनमध्ये कर्ज देताना वडीवर रक्कम, व्याज व साक्षीदार लिहीत. मुद्रा नसलेला गरीब मनुष्य ओल्या मातीत आपले नख किंवा वस्त्राचा काठ दाबी. आपल्या जुन्या कागदांवर कुणबी नांगराची निशाणी करी, तशातलाच हा प्रकार. व्याजाचा सामान्य दर चांदीस वर्षाला पाचवा हिस्सा, म्हणजे शेकडा २०, आणि धान्यास तिसरा हिस्सा होता. मनुस्मृतीत वसिष्ठाचा दर दरमहा ऐंशीवा भाग, म्हणजे वर्षास शेकडा १५ सांगितला आहे. आणि व्याज मुद्दलापेक्षा अधिक होऊ नये हा दामदुपटीचा नियम तर मुंबई इलाख्यातील न्यायालयेही मानीत. हम्मुराबीने ठरविले की, वादळाने वा अवर्षणाने पीक गेले तर ऋणकोने त्या वर्षी धान्य देऊ नये व व्याजही पडू नये; आणि कर्जापायी बायकामुले दुसऱ्याच्या घरी राबावयास दिली तर तीन वर्षांनी ती मोकळी व्हावी.

तरीही कर्जे साचत. म्हणून बाबिलोनचे राजे अधूनमधून, विशेषतः राज्यावर येताना, धान्याचांदीची घरगुती कर्जे रद्द झाल्याचे जाहीर करीत. व्यापाऱ्यांची आपापसांतील देणी मात्र कायम राहत. कर्ज फिटले की वडी फोडून टाकण्याची रीत होती. अशा जाहीरनाम्यांत सर्वांत विस्ताराने उरलेला, इसवी सनापूर्वी १६४६ च्या सुमाराचा, तो त्याच अम्मिसदूकाचा. ज्याने बेवारशी मृतांस जेवावयास बोलाविले, त्यानेच जिवंत ऋणकोंस मोकळे केले!

आपल्याकडे असे करणारा राजा नव्हता, तेव्हा रयतेने काय केले हे सर्वांस ठाऊक आहे. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे गावी शेतकरी सावकारांच्या घरांवर चालून गेले व त्यांनी कर्जरोखे हिसकावून जाळले. ते लोण आसपासच्या गावांत पसरले, आणि १८७९ साली सरकारास दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कायदा करावा लागला. मातीची वडी राजाज्ञेने फुटली काय किंवा कागद लोकांच्या हातून जळाला काय, गरज तीच होती.

हा प्रश्न आमच्या घरी नुकताच उभा राहिला. घाटकोपरात हल्ली जुन्या इमारती पाडून मनोरे उठत आहेत व आमच्याही इमारतीची पाळी आली. माळ्यावरच्या ट्रंका खाली आल्या. आमचे मूळ घर भीमाकाठचे. पणजोबा कुलकर्णीपण सांभाळून थोडी देवघेव करीत. त्यांच्या दप्तरात शके १७९४ चा, म्हणजे १८७२ चा, मोडी रोखा निघाला. चाळीस रुपये, दरमहा दर शेकडा दोन व्याज, खाली नांगराची निशाणी. मी मनात हिशेब केला : वर्षास २४; हम्मुराबीच्या काळातील चांदीच्या दराहून चार अधिक. रोखा फाडलेला नव्हता, म्हणजे कर्ज फिटले नव्हते. त्या माणसाचे पुढे काय झाले, हे दप्तरात कोठेही नाही.

थोरले बंधू म्हणाले, “रद्दीत घाला. मुदत जाऊन शंभराहून अधिक वर्षे झाली.” पुतण्या म्हणाला, “काका, हे काचेत लावून ठेवू, आपल्या घराण्याचा इतिहास आहे.” एकाला तो कचरा वाटला, दुसऱ्याला भूषण. वहिनी इतका वेळ भांडी गुंडाळीत होत्या; त्या शांतपणे म्हणाल्या, “भाऊजी, कर्ज फाडा, कागद ठेवा.”

तसेच केले. मी रोख्याचा कोपरा फाडला आणि पाठीवर मोडीत ‘व्याजमुद्दल सूट दिली’ असे लिहून त्या दिवसाची तिथी घातली. पुतण्यास मोडी शिकविण्यास प्रारंभ केला आहे. हा रोखा त्याचा पहिला धडा. वाचकांसही एवढेच विनवावयाचे आहे की, घर बदलताना जुने कागद वजनावर देण्यापूर्वी एकदा उलगडून पाहावेत. बाबिलोनचे सामान्य गृहस्थ आपणास भेटतात ते अशाच कागदांच्या जागी असलेल्या मातीच्या वड्यांतून. येत्या सर्वपित्री अमावास्येस, आमच्या पितरांची नावे संपल्यावर, रोख्यावरील त्या कुणब्याचे नाव घेऊन एक ओंजळ पाणी सोडावे, असे घरात ठरले आहे.